लाईनवरची खुर्ची

सिसिल वहिनी, फादर, राजोडीहून आलेली सरांची माणसं, त्यांचे विद्यार्थी आणि आपण सगळे.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हटलं. मला बोलता येतं, भांडताही येतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आज बोलायचंय ते सरांबद्दल. अडखळले तर सांभाळून घ्या.

एक गोष्ट आधी सांगते. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या बॅडमिंटन कोर्टाच्या लाईनवर आल्यात. बस्त्याव सर असते तर त्यांनी तुम्हाला उठवलं असतं, मग शोकसभा असो की लग्न असो. या हॉलमधल्या पट्ट्या त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवल्यात. त्या पट्ट्यांवर कुणी चप्पल घालून उभं राहिलेलं त्यांना खपायचं नाही.

मी विद्या. आम्ही संगमेश्वरकडची माणसं, वसईत फ्लॅट घेऊन आलेली. इथे ओळखीचं कुणी नव्हतं. माझी मुलगी सरांकडे बॅडमिंटन शिकायची आणि मी त्या तिथे, दाराजवळ, मटार सोलत बसायची. एक दिवस सर आले नि म्हणाले, "बाई, नुसत्या बसताय ना? मग लाईनवर बसा." झालं. मुलीने दहावीनंतर खेळ सोडला. मी अजून बसतेच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. लाईनच्या टोकाला एक पंच खुर्ची टाकून बसतो. शटल आत पडलं की बाहेर, एवढंच त्याचं काम. बाहेर पडलं तर दोन्ही हात पसरायचे. आत पडलं तर लाईनकडे हात दाखवायचा. आणि मध्ये खेळाडू आला, दिसलंच नाही, तर दोन्ही तळव्यांनी असे डोळे झाकायचे. सर ही तिसरी खूण सगळ्यात आधी शिकवायचे. शाळेत शुद्ध मराठी बोलणारे सर इथे आले की घरचं बोलायचे. "बाई, जे दिसलं नाय ते दिसलं असं बोलायचं नाय. अंदाज घरी ठेवून यायचा."

सरांनी जन्मभर शाळेत पीटी शिकवली आणि सुट्टीत जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धांना लाईनवर बसले. मग एकदा, एकदाच, त्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली. दिल्लीला. जगातले मोठे खेळाडू येणार होते. वयाची अट होती आणि सरांचं ते शेवटचं वर्ष. गावात लोक चिडवायचे, "काय सर, दिल्लीला खेळायला चाललात?" सर म्हणायचे, "नाय, बसायला." पण आतून केवढे खूश होते ते. रोज सकाळी इथे मुलांना स्मॅश मारायला लावायचे आणि पापणी न हलवता लाईनकडे बघत बसायचे.

मग ती महामारी आली. स्पर्धा पुढे ढकलली. सर म्हणाले, चालेल. पुन्हा ढकलली. चालेल. मग रद्द झाली. ते सरांनी फोन करून मला सांगितलं. मीच फोनवर तोंडाला येईल ते बोलले. पण बोलणार कुणाला? चूक कुणाची होती? माणसं जात होती, आपल्याच गल्लीतली जात होती. तिथे एका खुर्चीचं दुःख कुठल्या तोंडाने सांगायचं? रागवायला समोर कुणीच नव्हतं. ते मला अजूनही सहन होत नाही.

वहिनी, ते सांगू ना? सांगते. ज्या दिवशी स्पर्धा सुरू व्हायची होती, त्या सकाळी सरांनी काळी पँट, पांढरा शर्ट घातला. वाडीत केळीच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि ताठ बसले. वहिनींना वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. त्यांनी विचारलं, "अहो, कोण खेळतंय तिथे?" सरांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. बराच वेळ झाकलेलेच. वहिनी मला म्हणाल्या, "विद्या, ते खूण करत होते की रडत होते, मला आजपर्यंत कळलं नाही."

नंतर स्पर्धा पुन्हा भरायला लागल्या. पण सरांचं वय उलटून गेलं होतं. आम्ही लाईनवर बसायला जायचो, परत येऊन सांगायचो. ते सगळं ऐकून घ्यायचे.

गेल्या आठवड्यात मी सरांना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले होते. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनी चहाला गेल्या तेव्हा सरांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "बाई, खरं सांगा. दिल्लीला मला जमलं असतं का?"

काय सांगणार होते मी? जमलंच असतं सर, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. कुणीही तेच म्हटलं असतं. पण विचारणारा कोण होता? ज्याने मला शिकवलं तोच. मी तिथे नव्हते. तेही तिथे नव्हते. ते शटल कधी पडलंच नाही. माझे हात आपोआप वर गेले आणि मी डोळे झाकले.

हात काढले तेव्हा सर हसत होते. म्हणाले, "शाब्बास."

मी बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. चार दिवस तोच विचार करतेय. मरणाऱ्या माणसाला एक गोड शब्द द्यायला माझं काय जात होतं? पण तो त्यांनी घेतला असता का?

मघापासून कितीजण मला म्हणाले, धीराचं काहीतरी बोल. देवाची इच्छा, असं फादर म्हणतात. असेल. त्यांना दिसत असेल. एका साध्या माणसाने आयुष्यभरात एक खुर्ची मागितली आणि तीही त्याला का मिळाली नाही, ते मला दिसत नाही.

आता आपण उभे राहू या. हात जोडायचे असतील त्यांनी जोडा. सरांकडे शिकलेल्यांनी मात्र आपली ती तिसरी खूण करायची. सर, आम्हाला दिसलं नाही.