परत आलेली पेटी

ऋजुता : बाबा, बसा ना जरा. थिएटरातून आल्यापासून पडवीत नुसत्या येरझाऱ्या चालल्यात तुमच्या.

श्रीपती : बसून काय करू? त्या दिग्दर्शकाला पत्र लिहितो. माझ्या लघुकादंबरीचं पार वाटोळं केलंन मेल्याने.

ऋजुता : लिहा. पण आधी माझा कॉलेजचा निबंध होऊ दे. पुस्तकातली नाती आणि सिनेमातली नाती, सोमवारी द्यायचाय. आंबे भरता भरता सांगा. तो पेंढा द्या इकडे.

श्रीपती : त्यात सांगायचं काय? आपल्याकडे पहिला आंबा देवाला, पहिली पेटी बहिणीला. पुस्तकातला भाऊ ती एस्टीच्या कंडक्टरपाशी देतो. दुसऱ्या दिवशी पेटी तशीच परत. बहिणीने नाकारली, नातं संपलं. आणि सिनेमात? म्हणे सासरा दारातनंच परत पाठवतो, नि तिला पत्ताच नाही. माझ्या पुस्तकात सासऱ्याला दीड पान आहे.

ऋजुता : मला सिनेमातला सासरा पटला. सुनेला नोकरी करू देत नाही म्हणून भावाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं, तो राग त्याने पेटीवर काढला.

श्रीपती : सुनावल्याचं मी कुठे लिहिलंय?

ऋजुता : नाहीच लिहिलंत. तुमच्या पुस्तकातल्या भावाची एकसुद्धा चूक नाही. आपल्या घरात झालं होतं का तसं?

श्रीपती : झालं असेल. हेमा बी.ए., बी.एड. आणि गोठ्यात शेण काढताना पाहिली मी तिला. बोललो तिच्या सासऱ्याला, आप्पांना. वेळणेश्वराच्या देवळात, भर उत्सवात. पण दिग्दर्शकाला हे कोणी सांगितलंन?

ऋजुता : आत्याने.

श्रीपती : कोणत्या आत्याने?

ऋजुता : एकच आत्या आहे मला. शूटिंगवाले तिच्याच घरी उतरले होते. मागच्या रविवारी मी गेले होते तिच्याकडे. तुम्हाला मैत्रिणीचं नाव सांगितलं. रागवायचं तर मागाहून रागवा.

श्रीपती : काय म्हणाली?

ऋजुता : पेटी आलेली तिला माहीतच नव्हती, बाबा. ती समजत होती, दादाने रीत मोडलीन. तुमचं पुस्तक वाचलंन तेव्हा कळलं. आप्पा तेव्हा अंथरुणावर होते. विचारल्यावर नुसती होकाराची मान हलवली त्यांनी.

श्रीपती : पुस्तक येऊन पाच वर्षं झाली. एक कार्ड टाकायला काय झालं होतं तिला?

ऋजुता : मीही तेच विचारलं. म्हणाली, "दादाने दीडशे पानं लिहिलीन. साऱ्या महाराष्ट्राला सांगितलंन, बहिणीने तोंड फिरवलं म्हणून. जयगडपर्यंत एस्टी आणि खाडीची होडी, एवढं करून मला विचारायला नाही आला."

श्रीपती : कंडक्टर म्हणाला, घरून परत दिलीय. घर म्हणजे हेमाच, असं धरून बसलो गो मी. चौदा वर्षं. अजून पहिली पेटी भरतो, नाव घालत नाही, आणि शेवटी बाबल्या गड्याच्या घरी देऊन टाकतो.

ऋजुता : माहीत आहे मला. आता शेवटाचं सांगा. पुस्तकात भाऊ दार लावून घेतो. सिनेमात तो पेटी डोक्यावर घेऊन तिच्या कुंपणाच्या बेड्यापाशी, फाटकापाशी येतो, आणि तिथेच सिनेमा संपतो.

श्रीपती : अर्धवट. त्यावरच तर पत्र लिहिणार होतो. ती दार उघडते की नाही, एवढं तरी दाखवायचं.

ऋजुता : दिग्दर्शकाने आत्याला विचारलं होतं, पुढे काय झालं म्हणून. ती म्हणाली, "मला काय ठाऊक? तो अजून आलेला नाही."

(श्रीपती भरलेल्या पेटीवर फळी ठोकायला घेतो. खिळा दोनदा वाकतो.)

श्रीपती : जयगडची पहिली गाडी कधी सुटते?

ऋजुता : साडेसहाला. पेटीवर नाव घालू आत्याचं?

श्रीपती : नको. हातात द्यायचीय.

ऋजुता : आणि तिने खरंच परत केली तर?

श्रीपती : तर निदान तिच्या तोंडून ऐकेन.