शंभराव्या मॅचचे खांदे

आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या क्लबात "तरुणांना संधी द्या" असं दर मीटिंगला ओरडणारा माणूस मीच, बरं का. फक्त माझ्या नव्याण्णव मॅच झाल्या आणि मत जरा बदललं. कोचला म्हटलं, "एवढी शंभरावी होऊ दे, मग माझी जागा अनिकेतला." अनिकेत म्हणजे आमच्या इथल्या पुंगोल भागात राहणाऱ्या जाधवांचा मुलगा. वय वीस, आणि पळतो कानात वारं शिरलेल्या वासरासारखा.

या खेळात एक रीत आहे. शंभरावी मॅच खेळणाऱ्याला शेवटी दोघांच्या खांद्यांवर बसवून मैदानाबाहेर नेतात. त्या दिवशी बघतो तर कोच टेप घेऊन पोरांची उंची मोजतोय.

"टीम निवडतोयस?"

"नाही, तुला उचलणारे निवडतोय. एक उंच, एक बुटका झाला तर तू कलंडशील."

अनिकेत आणि त्याचा एक मित्र मापात बसले. मग काय, खांदे ताजे राहावेत म्हणून दोघांना अख्खी मॅच बाकावर बसवलं. मी मात्र शेवटपर्यंत खेळलो. बॉल दोनदा लागला, त्यातून एकदा पाठीला. हरलो, ते सांगायला नकोच.

मॅच संपल्यावर दोघांनी मला उचललं. लोक टाळ्या वाजवतायत, मी वरून हात हलवतोय. खालून अनिकेत धापा टाकत, इथल्या पोरांच्या 'लाह' लावायच्या लकबीत म्हणाला, "अंकल, सो हेवी लाह! पण नेक्स्ट मॅच तुमची जागा मला, ना?"

मी म्हटलं, "अरे, दीडशेला आता फक्त पन्नासच तर राहिल्यात."

कोचने उंची अगदी बरोबर मोजली होती. तरी मी कलंडलो.