शिकवायची की सांभाळायची

कॉलेजच्या ऑफिसातून एक नणंद-भावजय बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बाकावर बसल्या. भावजयीच्या मांडीवर जाडजूड फाइल होती.

"ताई, मॅडमनी तुम्हाला सरळ विचारलं होतं, ही तुमच्या बालवर्गात शिकवायची का म्हणून."

"मग सांगितलं की मी. मुलांना सांभाळायची म्हटलं."

"सांभाळायची?"

"शिक्षिका कुठल्या तोंडानं म्हणू? डिग्री आहे का तुझ्याकडे?"

"तीच तर घ्यायला आलेय. शिकवल्याचा अनुभव धरला असता, तर माझं पहिलं वर्ष माफ झालं असतं. अख्खी सुट्टी या फाइलीत घातली मी. मुलांची चित्रं, धडे, मी बसवलेली गाणी, सगळं लावलं."

"आणि डिग्री नसलेली बाई वर्गावर ठेवलीच कशी, असं त्यांनी मला विचारलं असतं तर? शाळा माझी आहे. टाळं लागलं असतं."

"हे घरून निघताना का नाही बोललात?"

"तू एवढी नटूनथटून तयार. म्हटलं, कशाला हिरमोड करायचा?"

"पालकांना मात्र सांगायचात, आमच्या बाई बी.एड. आहेत."

"त्यांना सांगावंच लागतं गं. बरं, चल आता. सोमवारी शाळा उघडतेय. नवी पोरं रडून गोंधळ घालतात, तुझ्याशिवाय कुणाकडे थांबत नाहीत."

"या वर्षी तुमच्याकडे थांबतील."

भावजय उठली आणि पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

"अगं, पण मग शिकवणार कोण?"