मागचा जाड बार

गॅरेजच्या बाकड्यावर माझ्या शेजारची बाई मुलावर कुरकुरली, "सरक जरा, मांडीवर बसतोस का?"

"आई, गाडी विकू या. बाबा गेले, आता कोण चालवणार?"

"मी. मिस्त्री, वळणावर हिचं नाक बाहेर पळतं."

"पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी ना, ताई. मागे जाड स्वे बार, म्हणजे दोन चाकांमधला आडवा दांडा, टाकू, वळताना झोल कमी होईल, नीट वळेल. पण मागची बाजू चटकन फिरेल, हं."

"फिरू दे. टाका."

"आई, वळण आलं की तू डोळे मिटायचीस!"

"मिटायचेच."

"आणि बाबा किती सांभाळून चालवायचे! विचार मिस्त्रींना."

"मी… म्हणजे, साहेबांचे बंपर मीच बदलायचो. जाऊ दे."

"जाऊ कशाला दे? बाळा, मी वळणाला कधीच भ्यायले नाही. तुझ्या बाबांना गाडी चालवता येत नव्हती."