काकवी समजून वाढलेली बरणी

सुमनताई, आमचे नवे नातजावई थोडक्यात बचावले, ते ऐका. तेलसंशोधनात नोकरी करणारी माझी धाकटी नात सुप्रिया गंगाखेडला आली, ती एक काळी, घट्ट पदार्थाची बरणी घेऊन. आमच्या उसाच्या मुलखात असे काही दिसले की ती काकवीच! सूनबाईंनी बरणी जावयांच्या भाकरीवर उपडी धरली. थेंबही पडेना. सर्दीने नाक बंद असलेले जावई म्हणाले, "चमचा द्या, लय घट्ट हाय!"

सुप्रिया धावत आली. "दाजी, खाऊ नका! जमिनीतलं कच्चं तेल हाय ते. पातळ होऊन वाहावं म्हणून उद्या त्यात रसायन टाकणार हाय मी."

मी हात जोडले. "बाळे, तुझ्या रसायनाला यश येवो. मात्र ते आजच टाकले नाहीस, याबद्दल मी तुझी आणि देवाची जन्माची ऋणी आहे."