बाईंच्या पिशवीतली कवडी

आमी जुन्नरचंच. आब्बांचं खोगिरांचं दुकान व्हतं, पुढं घोडी कमी झाली तवा बैलांचे गळपट्टे शिवायला लागले, बेल्ह्याच्या बाजाराला न्यायचे. आमची रीत आशी, पट्टा पुरा झाला की आतल्या अंगाला येक कवडी टाचायची, जनावराला नजर लागू नये म्हणून. कवडी टाचली म्हंजे काम झालं, माझ्या हाताला तीच सवय.

माझ्या हाताला म्हणते, कारण आब्बांना सुईचं नेढं दिसायचं बंद झालं व्हतं, भाऊ. मी चौदा-पंधरा वर्सांची, पडद्यामागं बसून शिवायची, आन बाहेर सगळे म्हणायचे, आब्बांसारखा टाका कुणाचा न्हाई. लई वाटायचं, येकदा तरी कुणी माझं नाव घ्यावं. पन पोरीच्या हातचं म्हटल्यावर गिऱ्हाईक टिकंल का, म्हणून मी गप.

देश सुतंत्र झाल्याला आठ-नऊ वर्सं झाली आसतील, पुण्याच्या येक बाई मोटारीतनं आल्या. त्यांच्या मालकांच्या घोडीचं खोगीर आमच्याकडचं. विलायती मासिकातलं चित्र दाखवून म्हणाल्या, मला अश्शी बॅग हवी. काय सांगू तुमाला, मोठी, वरून उघडी, खांद्याला दोन लांब बंद, ना झाकण ना कुलूप. मी पडद्याआडून बघतच ऱ्हायले, येवढ्या उघड्या पिशवीत ही बाई ठेवती तरी काय?

बारा दिस शिवत व्हते. मधाच्या रंगाचं मऊ कातडं, मांडीवर घेतलं की ऊब यायची, येका दोऱ्याला दोन सुया, येक इकडून येक तिकडून, आन माझं ध्यान भलतीकडंच. त्या पिशवीत मी रेशमी रुमाल ठेवायची, अत्तराची कुपी ठेवायची, आगबोटीचं तिकीट ठेवायची. मी जवळच्या आळे गावाच्या पलीकडं गेल्याली न्हवते, पन पिशवीसंगं दर्या बघून यायची. दर्या कसा आसतो ठावं न्हवतं, मग आपली कुकडी नदी भरल्याली बघितली व्हती, तीच रुंद करून घ्यायची.

बाई पिशवी घेऊन गेल्या आन सांजच्याला सुया पुसताना ध्यानात आलं. मी सपनात आसताना हातानं आपलं काम केलं व्हतं, आत कवडी टाचली व्हती. बैलाची कवडी, पुण्याच्या बाईच्या पिशवीला. मी रडत आब्बांना सांगितलं. म्हयनाभर मनात येकच, आब्बांचं नाव मी घालवलं.

मग मोटार आलीच. दुकानात चार गिऱ्हाईकं बसल्याली, त्यांच्यासमोर बाईंनी आतली कवडी दाखवून विचारलं, हे काय? मला वाटलं आता आब्बा म्हणतील, पोरीनं घोळ केला. आब्बा उठले, चाचपडत आले, पडदा बाजूला सारला. म्हणाले, बाई, कवडी माझी चूक, म्हाताऱ्या हाताची सवय. बाकी टाका आन टाका माझ्या लेकीचा, ह्या जैनबीचा.

बाईंनी माझ्याकडं बघितलं, शिवणीवरून बोट फिरवलं आन म्हणाल्या, मग राहू दे कवडी.

आता माझी बी नजर गेली, नातसून सुई ओवून देती. ती पिशवी कुठं आसंल कुणास ठावं. दुपारी डोळा लागला की मी ती खांद्याला लावते आन कुकडीयेवढ्या दर्यावर जाऊन येते. जिच्याकडं आसंल ती सुखी ऱ्हावो. आब्बा जलमात येकदाच खोटं बोलले, कवडी माझी म्हणाले. अल्लानं ते कवाच माफ केलं आसंल.