पृथ्वी थांबत का नाही

नाही नाही, बसा हो पंढरीनाथराव, अशी काय घाई आहे! येईलच आता आरोही, केबिन रोडलाच गेलीय, इथेच — पण आज रविवार, त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा मिळेल तर शपथ. पोहे घ्या ना अजून. खारट झालेत? झालेतच, मलाही लागलं. आरोहीची आई, आशा, असती तर — जाऊ दे, तिला जाऊन आता तीन वर्षं होतील, तेव्हापासून स्वयंपाक माझ्याकडे, कधी मीठ दोनदा पडतं तर कधी पडतच नाही. तुमचा पुतण्या नाही आला ते एका अर्थी बरंच झालं, आधी मोठ्यांनी बघून घ्यावं, मग मुलाने — नाही, म्हणजे अभिनवराव आले असते तरी आनंदच होता. मी उभाच बरा. बसवतच नाही मला, सकाळपासून गॅलरी ते किचन, किचन ते गॅलरी, खालचा वॉचमनसुद्धा विचारून गेला, काका, कोई आनेवाला है क्या.

काय म्हणालात? मुलगी करते काय? अरेच्चा, फोनवर सांगायचंच राहिलं वाटतं! आकाश दाखवते. हसताय काय? खरंच. एक संस्था आहे, त्यांचा मोठा तंबू असतो, हवा भरली की घुमटासारखा फुगतो — शाळेत नेऊन लावायचा, पोरांना आत बसवायचं, अंधार करायचा आणि वर ग्रह-तारे फिरवायचे. आत्तापर्यंत इथल्या इथेच होतं सगळं, चेण्याची शाळा, पालीची शाळा, संध्याकाळी घरी चहाला हजर. तर पालीला एका चिमुरडीने विचारलं, ताई, पृथ्वी दिवसरात्र फिरतच का राहते, दमत नाही का? आरोही घरी आली आणि मलाच विचारते, पप्पा, सांगा बघू. मी म्हटलं, देव फिरवतो, आणखी कोण! तर म्हणाली, भांड्यांच्या कारखान्यात एवढी वर्षं पॉलिशच्या मशीनवर उभे होतात ना, बटण बंद केलं की चाक लगेच थांबायचं? मी म्हटलं, कुठलं थांबतंय! फिरतच राहायचं आपल्या तोऱ्यात. म्हणाली, तसंच — आधी धुळीचा आणि वायूचा एक मोठ्ठा ढग होता, गरगरणारा, त्यातूनच सूर्य झाला, पृथ्वी झाली, आणि ती गरगर हिच्या अंगातच राहिली. ढकलत कोणीच नाही. मग थांबत का नाही? तर थांबवायलाही कोणी नाही म्हणून! आपलं चाक बेअरिंगला घासतं, हवेला घासतं, तिथे वर सगळं मोकळं, घासणार कशाला? मला त्या रात्री झोप नाही हो. एवढी साधी गोष्ट, आणि मी आपला देवाच्या हाताला काम लावून बसलेला.

नाही, एक आहे म्हणे धरणारा — चंद्र. आपल्या खाडीला भरती येते ना, ते पाणी तो ओढतो, आणि त्या ओढाओढीत पृथ्वीचा वेग कमी होतो — इतकासा, आपल्याला कळतही नाही. मला पटकन समजलं, कारण आम्ही कारखान्यात हेच धंदे करायचो. माल घाईचा असला की चाक आपोआप थांबेपर्यंत धीर कुणाला? रिजेक्ट झालेला डबा घ्यायचा आणि दाबून धरायचा चाकावर. असा आवाज यायचा की दात शिवशिवायचे. शेठ तिकडून ओरडायचा, अरे महिपत, मशीन को मार डालेगा क्या! तरी आम्ही — थांबा हं, तिचाच फोन.

हां बाळा. नाही सापडली अजून. हो गं, सगळीकडे बघितलं. घे, तुला आवडेल ती घे, जरा मोठीच घे. हो. मी ठीक आहे, मला काय होतंय.

बॅग हो. भरून ठेवलेली बॅग सकाळपासून सापडत नाहीये, म्हणून नवी आणायला गेलीय. कुठे निघालीय म्हणजे — संध्याकाळी संस्थेची गाडी येणार आहे. आता नोकरी पक्की झाली ना, आधी नंदुरबार, मग गडचिरोली, गावोगाव तंबू लावत फिरायचं, परत कधी ते विचारलं की म्हणते, बघू. पायाला भिंगरीच आहे पोरीच्या! नाही, तुम्ही येताय हे तिला माहीत नाही. असं बघू नका हो माझ्याकडे. मी म्हटलं, पाहुणे समोर बसलेले दिसले की तोंडावर नाही म्हणायची नाही ती, तेवढे संस्कार आहेत, आणि एकदा लग्न ठरलं की कोण जातंय गडचिरोलीला? तुमच्या विरारला पडली तर मी आठवड्याला डोकावून तरी येईन. मला भीती वाटते हो पंढरीनाथराव! आशा गेली तेव्हा ही होती म्हणून मी उभा राहिलो. आता ही गेली की मी बोलू कुणाशी, त्या वॉचमनशी?

आणि पोर सकाळी अगदी रडकुंडीला आलेली. मोरीत बघतेय, कपाटामागे बघतेय, बॅग काही मिळेना. मग मीही शोधायला लागलो — स्टुलावर चढलो आणि माळ्यावर शोधलं. तिथे नाही हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी पातेली हलवून हलवून बघत होतो. आणि ती खाली स्टूल घट्ट धरून उभी — पप्पा, राहू द्या, पडाल तुम्ही, बॅग काय दुसरी मिळेल.

नाही. नाही, हे काय करतोय मी?

आरोही? ऐक, नवी घेऊ नकोस. सापडली. अगं कुठे म्हणजे, आल्यावर सांगतो, आधी घरी ये, गाडी चुकायला नको. हो. जेवण बांधून देतो, मीठ बघून घालतो.

उठा, पंढरीनाथराव. राग मानू नका, अभिनवरावांना माझे आशीर्वाद सांगा, चांगलाच असणार मुलगा — पण उठा आता. अहो उठा ना, तुम्ही बसलाय त्या दिवाणातच आहे ती बॅग!